बागेतल्या चार फेऱ्या

जुन्नरातल्या नव्या बागेचा रखवालदार सयाजी पाच दिवस त्या बाईवर नजर ठेवून होता. उजाडलं की ती ओढ्याकाठच्या झोपडपट्टीतून यायची, खांद्यावर खराटा टाकून बागेला चार फेऱ्या मारायची आणि निघून जायची. खराटा जमिनीला कधी टेकायचा नाही, वाटेवरचा पाला जिथल्या तिथे. यात कुठेतरी पाणी मुरतंय, सयाजीला वाटलं. काम न करता हजेरी लावत असेल, नाहीतर नळाच्या तोट्या हेरत असेल. सहाव्या दिवशी त्याने तिला फाटकातच अडवलं.

"कुठल्या मुकादमाची गं तू? झाडताना तर कधी दिसली न्हाईस!"

बाईने कनवटीची घडी घातलेली चिठ्ठी पुढे केली. दवाखान्यातली होती. साखर वाढली आहे, रोज अर्धा तास चालावं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

"आमच्या गल्लीत दोन पावलं टाकायला जागा न्हाई, भाऊ."

"आगं, पन चालायला खराटा कशाला लागतोय?"

"पयल्या दिवशी मोकळ्या हातानंच आले व्हते," ती म्हणाली. "तुमीच हाकललं व्हतं."