उसनं नाक

“अजून येतो का गं?” आर्डिसने पिंजऱ्याचा ट्रे पुन्हा एकदा व्हिनेगरच्या पाण्यात बुचकळला.

धाकट्या बहिणीने, लवॉनने, दारातूनच नाक मुरडलं. “येतो. खोटं कशाला बोलू?”

आर्डिसला स्वतःला कळायला काही मार्ग नव्हता. मागच्या हिवाळ्यातल्या तापाने तिची वास घ्यायची ताकद नेली ती नेलीच. जळालेला टोस्ट तिला धुरावरून कळायचा आणि नासलेलं दूध पहिल्या घोटाला. म्हणून तर थंडीच्या तोंडावर लवॉन राहायला आली तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं. घरात एक धड नाक आलं.

त्या नाकाने पहिल्या आठवड्यातच निकाल दिला. घराला पक्ष्याचा वास मारतो.

पक्षी म्हणजे गस, राखाडी पोपट. आर्डिसचा नवरा वॉल्ट जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण रोज सकाळी गस त्याच्याच घोगऱ्या आवाजात हाक मारायचा, “आर्डिस, कॉफी!” आणि आर्डिस कॉफी ठेवायची. सुगंधी मेणबत्ती, अत्तर, फवारा यातलं काही घरात चालणार नाही, हे तिने लवॉनला दारातच बजावलं होतं. माणसाला ज्याने नुसतं प्रसन्न वाटतं, त्याने पोपटाचा जीव जातो. तापल्यावर पक्ष्याला विषारी वाफ सोडणारे नॉनस्टिक तवे तर तिने केव्हाच घराबाहेर काढले होते.

मग उरलं ते हाताचं काम. पिंजऱ्याखालचे कागद सकाळ-संध्याकाळ बदलायचे. गसला आतल्या खोलीत ठेवून गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरायचा आणि मशीनने ओढून घ्यायचा. स्टीलच्या पातेल्यात संत्र्याच्या साली आणि दालचिनी मंद आचेवर उकळत ठेवायची. हात सोलवटले, गुडघे बोलायला लागले. रात्री जेवताना ती विचारायची, “आता?” आणि लवॉन काटा खाली ठेवून मान हलवायची.

थंडी वाढली तशा शुक्रवारी पत्ते खेळायला येणाऱ्या मैत्रिणीही येईनाशा झाल्या. “कोण येईल गं?” लवॉन म्हणाली. “तोंडावर बोलत नाहीत, एवढंच.” हे मात्र आर्डिसला फार लागलं.

त्यातच नाताळानंतर गस गप्प झाला. शिंकायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. कॉफीची हाक बंद पडली. आपल्याच घासण्या-धुण्याने पाखरू बेजार झालं, असं आर्डिसने मनाला लावून घेतलं. “म्हातारा झालाय तो,” लवॉन मायेने म्हणाली. “चांगल्या ठिकाणी सोड त्याला. त्याचंही भलं, आपलंही.” दुसऱ्या दिवशी आर्डिसने नकोसे झालेले पोपट सांभाळणाऱ्या आसऱ्याला फोन केला.

आसऱ्याची कोरिन आली ती गाडी आतून चांगली तापवून. डुलुथसारख्या बर्फाळ गावाची जानेवारीतली थंडी पक्ष्याला सोसत नाही. बूट काढून ती दाराशी डोळे मिटून उभी राहिली आणि हवा हुंगू लागली. पक्षी पाळणाऱ्यांच्या घरात ही माणसं अशीच शिरतात, आधी नाकाने.

आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “वासाचं माफ करा हं. मी करता येईल ते सगळं केलं.”

“कसला वास?”

“गसचा.”

कोरिनने पिंजऱ्याला नाक लावलं. स्वयंपाकघरात डोकावून आली. “संत्रं, दालचिनी, जरासं व्हिनेगर. अहो, पक्ष्यांची घरं बघता बघता माझे केस पिकले, इतकं स्वच्छ घर पाहिलं नाही. पक्ष्याचा वास नावालासुद्धा नाही.” मग तिने बोळकांडीतल्या बंद दाराकडे मान वळवली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “पण हा लॅव्हेंडरचा सुगंध कुठला? पोपटाच्या घरात असलं ठेवतात का?”

शेगडीजवळ लवॉन पातेलं ढवळायला लागली. पातेल्याखाली आच नव्हती.

आर्डिसने ते दार उघडलं. लवॉनच्या पलंगामागे भिंतीतल्या प्लगला सुगंधाची कुपी खोचलेली होती. रिकाम्या झालेल्या कुप्या खाली टोपलीत पडल्या होत्या. घर तापवणारी हवा एकच, सगळ्या खोल्यांतून फिरणारी, आणि ती बाहेर पडते त्या जाळीशेजारीच गसचा पिंजरा. आर्डिसने कुपी उपटून नाकाला लावली. तिला काहीच कळलं नाही. बर्फाचा खडा हुंगावा तसं.

“लवॉन, याने तो मरेल म्हणून सांगितलं होतं ना तुला?”

“मरायला नको होता मला.” लवॉनचा आवाज बारीक झाला. “जायला हवा होता. मी घरदार सोडून तुझ्यासाठी आले, आणि तू दिवसभर बोलतेस कोणाशी? त्याच्याशी!”

आर्डिसला रडू येईना. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण हिला ती रोज रात्री विचारत होती, सोलवटलेले हात टेबलावर ठेवून विचारत होती. आणि ते हात बघूनही ही रोज मान हलवत होती.

कोरिनने प्रवासाचा रिकामा पिंजरा उचलला. “आजच डॉक्टरला दाखवा त्याला. सावरेल. मग मी निघू ना?”

“थांबा,” आर्डिस म्हणाली. तिने खुंटीवरचा कोट काढला आणि लवॉनच्या हातात दिला. “एवढी तापवून आणलेली गाडी रिकामी कशाला नेता? हिला बसस्टँडवर सोडा.”