तपकिरी रस

दाबयंत्रातून पडणारा रस तपकिरी आहे हे रेजीसला दारातूनच दिसलं. शार्डोने द्राक्षांचा ताजा रस हिरवट असायला हवा. हा तर कपाच्या तळाशी राहिलेल्या कॉफीसारखा दिसत होता.

"गंधक घातलं नाहीस?"

"नाही," सोलेन म्हणाली. ती हौदावर वाकून रस बघत होती. बापाकडे वळून बघायची तिला गरज वाटली नाही.

एप्रिलमधल्या गारठ्यात कोंब जळाले होते. वरच्या मळ्यात जे काही वाचलं, ते सगळं त्या एका यंत्रात होतं. म्हणजे यंदाची वाइन तीच, दुसरी नाही. रेजीसने कोपऱ्यातली गंधकाच्या पाण्याची बादली उचलली.

उभी हयात त्याने हा रस तान्ह्या बाळासारखा जपला होता. हलका दाब, रस काळा पडू नये म्हणून लगेच गंधक, हवा लागू द्यायची नाही. त्याच्या आधी त्याचे वडील अन्सेल्म द्राक्षं चांगली चिरडायचे आणि रस उघड्यावर काळा पडू द्यायचे. कारभार हातात आला त्या वर्षी रेजीसने चार लोकांत वडिलांच्या त्या रसाला 'गढूळ पाणी' म्हटलं होतं. लोक हसले. अन्सेल्मही हसले होते. आता ते दाराशी पालथ्या क्रेटवर बसून अक्रोड फोडत होते, आणि या भानगडीशी आपला काही संबंध नाही असा चेहरा त्यांनी केला होता.

"बाबा, अँटवर्पचे ते गृहस्थ आठवतात?" सोलेनने विचारलं.

न आठवायला काय झालं? रेजीसने सोलेनच्या जन्मसाली केलेल्या वाइनच्या बाटल्या त्या गिऱ्हाइकाने आपल्या तळघरात जिवापाड जपल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात तो तीन बाटल्या घेऊन आला आणि यांच्याच टेबलावर उघडल्या. तिन्ही तपकिरी, तिन्हींना सडक्या सफरचंदाचा वास. मग सोलेनने खालून आजोबांच्या वेळची एक बाटली आणली. ती सोलेनच्या जन्माआधीची होती, आणि वाइन गवताच्या काडीसारखी पिवळी, लख्ख. पाहुण्याने त्या वाइनची मनापासून तारीफ केली, पण रेजीसकडे बघायचं टाळलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी रेजीसला जेवण गेलं नाही.

"जे काळं पडायचं ते आत्ताच पडू दे," ती म्हणाली. "गाळ पिंपाच्या तळाशी बसेल. पुढे बाटलीत बिघडायला काही उरणार नाही."

"आणि बिघडलीच तर?"

"तर लेबलावर माझं नाव घाल."

रेजीसने बादली हौदाच्या काठावर टेकवली. नुसती कलती केली की काम झालं असतं. सोलेन ते बघत होती, पण तिने त्याचा हात धरला नाही. तिने धरला असता तर त्याने झिडकारला असता आणि बादली ओतून मोकळा झाला असता. तो वडिलांकडे वळला.

"तुम्हाला माहीत होतं. मग तेव्हा मला बोलला का नाहीत?"

अन्सेल्मनी हातातला अक्रोड खाली ठेवला.

"मला कुठे काय माहीत होतं? वडील करायचे तसं मी केलं. तुझा रस इतका देखणा असायचा. मला वाटलं, पोरगं माझ्यापुढे गेलं." त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "आणि माझे वडील मरेपर्यंत माझ्या डोक्यावर उभे राहून चुका काढत होते. तेव्हाच ठरवलं होतं, आपण तुझ्या डोक्यावर उभं राहायचं नाही. इथे बसायचं."

यंत्र घरघरत होतं. रस आणखी गडद झाला होता.

रेजीसने बादली मोरीपाशी नेली आणि रिकामी केली. उग्र दर्प अंगावर आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. गंधकाने येतंच. ते थांबेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग वडिलांच्या शेजारी त्याने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला.

अन्सेल्मनी एक अख्खा अक्रोड त्याच्या हातावर ठेवला.

"घे, फोड. हात मोकळे राहिले की तोंड चालायला लागतं."