ढोकरी उडेल

खाडीला भरती लागली होती आणि जयवंतीचे म्हातारे बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. सकाळपासून त्यांना शोधून तिचा जीव अर्धा झाला होता.

"बाबा, बाहेर या," ती काठावरून म्हणाली.

"हळू बोल, बाई. ढोकरी उडेल."

कांदळवनाच्या मुळांशी चिखलाच्या रंगाची ढोकरी मान आखडून, पाण्यावर नजर रोखून उभी होती. ओढलं तर बाबा बिथरतात, मागच्या खेपेला पडलेच होते. म्हणून जयवंती पाण्यात उतरून त्यांच्या शेजारी निमूट उभी राहिली. पाणी मांडीला लागलं, पायाखालचा गाळ सरकू लागला.

एकदम ढोकरीची मान सुटली. चोचीत मासा चमकला. तो गिळून ती उडाली, तेव्हा त्या मातकट अंगातून पांढरेशुभ्र पंख उघडले.

बाबा समाधानाने हसले आणि आपणहून तिचा हात धरून तिला काठावर घेऊन आले.

"भरतीत असं उतरू नये. घरची माणसं घाबरतात. कुणाची गं तू?"

पाण्यात वाटली नव्हती एवढी भीती जयवंतीला काठावर वाटली.

"हिराजी तांडेलांची," तिने त्यांचंच नाव सांगितलं.

"ओळखतो की त्याला," बाबा म्हणाले. "चल, सोडतो तुला घरी."