उंदरिणीचा वाटा

१९५४च्या शरदातली गोष्ट. अलास्कात कुस्कोक्विम नदीकाठच्या गावात अगाफिया अनाथाश्रमातून सून होऊन आली. सासूने आपलं म्हणावं म्हणून तिने माळावर रानउंदरिणीचं बीळ उकरलं आणि हिवाळ्यासाठी साठवलेली गोड मुळं बादलीभर आणली. “सगळीच आणलीस?” सासूने विचारलं. “मग ती उंदरीण पोरांना काय घालील, तुझं डोकं?” अगाफियाचे डोळे भरले. “मला ठाऊक नव्हतं, सासूबाई.” “कसं असणार? शिकवायला आई कुठे होती तुला?” म्हणत सासूने सुकी मासळी घेतली, तिला हाताला धरून माळावर नेलं. दोघींनी निम्मी मुळं परत बिळात रचली, उरलेल्यांच्या बदल्यात मासळी ठेवली, वर गवताचं ढेकूळ बसवलं. पुढे अगाफियाचा नवरा नदीत बुडाला. अनाथाश्रमवाले तिला परत आश्रमात कामाला न्यायला आले, तेव्हा ती म्हणाली, “आईला टाकून कशी येऊ?” म्हातारी नव्वदी गाठून तिच्याच मांडीवर गेली.