खिडकीकडची बाजू

"खिडकीकडे तू झोप," कंट्रोलर म्हणाले आणि आपली उशी उचलून त्यांनी दाराकडच्या बाजूला टाकली.

बाईंनी वाद घातला नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने खिडकीची जागा कुणाला दिली नव्हती, पोटच्या लेकीलाही नाही. हयात बस डेपोत कंट्रोलर म्हणून गेली. वाहन कुठलंही असो, ते सुटताना बाहेर बघणं हा आपला हक्क, असं ते मानत. आज जहाज सुटताना त्यांनी तो हक्क आपण होऊन सोडला होता. जाणारं माणूस असंच एकेक सोडत जातं, असं बाईंनी मनाशी म्हटलं आणि चादर सारखी केली. रडू आलं नाही. दीड महिना झाला, येतच नव्हतं.

दीड महिन्यापूर्वी लेकीने दोघांनाही एकाच दिवशी तपासणीला नेलं होतं. रिपोर्टही तीच घेऊन आली. स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन ती म्हणाली, "आई, बाबांचं हाताबाहेर गेलंय. सहा महिने, फार तर आठ. त्यांना सांगायचं नाही ना?"

"नाही सांगायचं," बाई म्हणाल्या.

पेशंटला सांगायचं नाही, हा त्या घरचा नियम होता आणि तो बाईंनीच घालून दिला होता. सासूबाई शेवटपर्यंत पित्ताचाच त्रास समजून गेल्या. थोरल्या जाऊबाईंचंही तसंच. भोगायचं ते जवळच्याने भोगावं, जाणाऱ्याने दोन घास सुखाने खाऊन जावं, असं बाईंचं सरळ मत होतं. लेक हे बघतच मोठी झाली. सफरीची तिकिटंही तिनेच काढली. बारा दिवस, सगळी उतारवयातली जोडपी, ना सामान उचलायचं ना कुणामागे धावायचं. निघताना तिने दोघांनाही बराच वेळ धरून ठेवलं होतं.

जहाजावर सगळं मऊ होतं. गालिचे मऊ, खुर्च्या मऊ, माणसांचे आवाजसुद्धा. बाई त्यात चावी दिल्यासारख्या वावरत होत्या. सकाळी डेकवर दोन फेऱ्या, मग सूप, मग झोप, मग पुन्हा सूप. समोर एवढा समुद्र होता, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

"सात मिनिटं लेट," प्रत्येक बंदर सोडताना कंट्रोलर घड्याळ बघून म्हणत. "माझ्या डेपोत मेमो गेला असता."

जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासोबत एक निवृत्त वकील आणि त्यांची बायको असत. ही दोघं मिठापासून हवामानापर्यंत कशावरूनही जुंपायची.

"तुम्ही भांडत कसे नाही हो?" वकिलीणबाईंनी एकदा विचारलंच. "आठवडा होत आला. साधी कुरबूर नाही."

"भांडून झालंय सगळं," कंट्रोलर म्हणाले आणि आपल्या वाटीतलं कस्टर्ड त्यांनी बाईंच्या वाटीत ओतलं.

बाईंनी ते निमूट खाल्लं. खरं तर घरी पंख्याच्या वेगावरूनही त्यांचं वाजायचं. पण आता यांच्याशी भांडून कुणी पाप माथी घ्यायचं? त्यांनी हरायचं ठरवलं होतं, पण इकडे कंट्रोलर आधीच हरून बसलेले असत. दुखणं माणसाला मऊ करतं, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला.

लिफ्ट असूनही ते बाईंना जिन्याने नेत आणि प्रत्येक वळणावर थांबत.

"काय दिसतंय बघ," म्हणत. दिसायचं तेच पाणी. यांना दम लागतोय, हे बाईंना कळायचं. त्याही मुकाट्याने थांबायच्या, तेवढाच आपल्याही पायांना विसावा.

तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवलेल्या बाईंना टेप लागत नसे. कंट्रोलरांची कॉलर दोन बोटं सैल झाली होती. बाईंचा स्वतःचा ब्लाउजही अंगात राहत नव्हता. त्यांनी तो दोन पिनांवर भागवला. समोर असं माणूस असताना अन्न कुणाच्या अंगी लागणार?

सातव्या दिवशी दुपारी चहा पिताना कंट्रोलर एकाएकी म्हणाले, "बरं वाटतंय ना तुला?"

"मला काय धाड भरलीय? तुम्हाला?"

"ठणठणीत." पण कप खाली ठेवताना त्यांनी कुशीवर हात दाबला. तो त्यांनी लगेच काढला, तरी बाईंनी पाहायचं ते पाहिलं.

ते पत्ते खेळायला गेले तशा बाई उठल्या. अजून पाच दिवस होते. समुद्राच्या मध्यावर यांना कळा सुटल्या तर हाताशी औषध हवं, आणि डॉक्टरांनी यांच्यासमोर भलतंसलतं बोलता कामा नये. तेवढं झालं की आपलं काम झालं. खालच्या मजल्यावरचा दवाखाना शोधत त्या गेल्या.

डॉक्टरीण तरुण होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"चारशे बारा नंबरच्या खोलीतल्या पेशंटबद्दल बोलायचंय," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा. "दुखणं शेवटचं आहे. पेशंटला यातलं काहीही माहीत नाही, आणि कळूही द्यायचं नाहीये."

"हो, कल्पना आहे मला," डॉक्टरीण म्हणाली. तिने कपाटातून एक फाइल काढली आणि बसायला खुर्ची पुढे केली. "पहिल्याच दिवशी त्या बाईंचे मिस्टर सगळे रिपोर्ट देऊन गेलेत. बायकोला अवाक्षर कळता कामा नये, म्हणाले. तुम्ही त्यांच्या बहीण का?"