कपिलेचा चातुर्मास

आमची नात मैत्रेयी संकठा घाटामागे चार गाया पाळते. कोणती गाय आज किती साइलेज, म्हणजे मुरवलेला हिरवा मका, खाणार ते तिचं ॲप सकाळीच सांगतं. आठ दिवस झाले, कपिला त्यातलं तीन किलो रोज उरवत होती.

"काशीची गाय आहे बाई, चातुर्मास धरला असेल!" मी म्हटलं.

"आजी, मजाक नको. बीमार आहे ती." मैत्रेयीचे डोळे भरून आले.

आमचे हे मात्र मजेत. दोन्ही वेळा ताट घेऊन गोठ्यात जायचे. "कपिलेला गोग्रास घालतो आणि तिथेच जेवतो," म्हणायचे. ताट अगदी चाटूनपुसून परत यायचं. मी अख्ख्या मोहल्ल्यात सांगत सुटले होते, "ऐंशीव्या वर्षी पंधरा पोळ्या खातात!"

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. कपिलेला काहीच झालं नव्हतं. मग त्यांनी गव्हाणीतलं उरलेलं साइलेज बाजूला सारलं, तर खाली माझ्याच हातच्या पोळीचे तुकडे आणि वरणभाताची शितं.

मी गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या ह्यांना हात धरून पुढे ओढलं.

 

"डॉक्टरसाहेब, गाईला सोडा," मी म्हटलं, "आधी ह्यांना बघा."