येऊन राहिली

“लेकीच्या घरी जाय, पोटभर बोल, पन मुक्काम करू नको वं मनकर्णे.”

मेघा जन्मली त्या सकाळी, तिच्या इवल्या टाळूवर तेल जिरवता जिरवता मनकर्णाबाईंची आई हे बोलली होती. त्याला बेचाळीस वर्षं झाली. आई गेली, शब्द राहिला. मनकर्णाबाईंनी तो कधी मोडला नाही. कुहीकडच्या गावाहून त्या महिन्यातून एकदा नागपुरात सक्करदऱ्याला एकुलत्या लेकीकडे येत, जेवत, मनातलं बोलत आणि पाचच्या बसने परत जात. मेघा आधी फार म्हणायची, “राहा नं वं आई.” दर वेळी नाही ऐकून ऐकून तिने विचारणंच सोडलं. त्यालाही आता सहा वर्षं होत आली.

आज पिशवीत वर नवा तांदूळ होता. तांदळाखाली तीन लुगडी होती, बीपीच्या गोळ्या होत्या, चष्म्याचं घर होतं. मागच्या महिन्यात मनकर्णाबाई तापाने दोन दिवस पडून होत्या. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने दारातून हाक मारली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, दोन दिवस या घरात माणसाचा आवाज झाला नाही. आपलासुद्धा नाही. त्यांनी तेव्हाच ठरवलं, लेकीजवळ राहायचं. ठरवणं सोपं होतं. सांगायचं कसं? सकाळी फोनवर त्या म्हणाल्या होत्या, “मेघे, मी येऊन राहिली.” मेघाने त्यातलं येणं तेवढं ऐकलं.

त्या पोचल्या तेव्हा पुढच्या खोलीत मेघाचा वर्ग भरला होता. दुपारी मोकळ्या असणाऱ्या बायकांना ती इंग्रजी बोलायला शिकवायची.

“बस आई, जास्त वेळ नाही लागत,” म्हणत तिने भिंतीशी खुर्ची सरकवली. पिशवी पायांशी घेऊन मनकर्णाबाई बसल्या. साडेतीन झाले होते.

पांढऱ्या फळ्यावर एकच शब्द होता. स्टे.

“स्टे म्हणजे राहणं,” मेघा म्हणाली. “सरिता, ‘मी दुकानात जाऊन राहिली’, हे सांग बरं इंग्रजीत.”

सरिता लकडगंजात एका लाकडाच्या दुकानात फोन घ्यायची. ती ताठ उभी राहिली. “आय गो शॉप अँड स्टे.”

“मंग घरी कोण येते वं, तुझी सावली?”

खोली हसली. सरिताही हसली. “अवं, आपल्या नागपुरात ‘जाऊन राहिली’ म्हणजे नुसती जात आहे,” मेघा म्हणाली. “तिथे हा स्टे लागत नाही. आपल्याकडे माणूस जाऊन राहते, येऊन राहते, राहत मात्र कुठंच नाही.”

मनकर्णाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

यमुताईंनी बसल्या जागेवरूनच विचारलं, “मॅडम, आमच्या वावरावर कोर्टाचा स्टे हाये. तो हाच काय?”

“हाच. तिथे त्याचा अर्थ थांबवणं.”

“मंग बरोबर हाये. सतरा वर्सं झाले, राहूनच राहिला हाये तो.”

मेघाने हसून ओले झालेले डोळे पुसले आणि फळ्यावर एकाखाली एक शब्द मांडले. रिमेन म्हणजे मागे उरणं. वेट म्हणजे कोणाची वाट पाहत थांबणं. लिव्ह म्हणजे कायमचं राहणं. “नीट लक्षात ठेवा. पाहुणा स्टे करते. घरचं माणूस लिव्ह करते.”

जात्यात मुठीमुठीने दाणा घालावा तसा मनकर्णाबाई एकेक शब्द ओठांत घालत होत्या. मागे उरून झालं होतं. वाट पाहून झाली होती. पाहुणी होऊन तर दर महिन्याला झालं होतं. शेवटच्या शब्दाशी त्यांची जीभ अडली.

बायका वहीत उतरवत होत्या तेवढ्यात मेघा आईजवळ वाकली. “पाचचीच बस नं? ह्यांना सांगून ठेवलं आहे, गाडीवर चौकात सोडून देतील. पिशवी रिकामी करून दे, चिवडा भरून देते.”

मनकर्णाबाईंनी पिशवी दोन्ही पायांमध्ये घट्ट धरली.

“मेघे...”

“काय वं?”

“काही नाही. तांदूळ नवा हाये. पानी कमी घालजो.”

“बरं,” म्हणून मेघा फळ्याकडे वळली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले. सरिताने चपला पायांत सरकवल्या. यमुताईंनी पदर खोचला. मेघाने डस्टर उचललं आणि वर्ग सुटताना रोज विचारायची तसं विचारलं, “कोणाला काही विचारायचं आहे?”

भिंतीजवळच्या खुर्चीतून एक हात वर झाला. हिरव्या बांगड्या गेल्यापासून मोकळा राहिलेला, उन्हाने रापलेला हात.

“अवं मॅडम, आजीले डाउट आला!” यमुताई टाळी देत हसल्या.

“विचार वं आई,” मेघाही हसत म्हणाली.

मनकर्णाबाईंनी लेकीकडे पाहिलं नाही. शाळेतल्या पोरीसारख्या त्या उभ्या राहिल्या आणि फळ्याकडे बघत म्हणाल्या,

“‘मले ठेवून घे’, ह्याले इंग्रजीत काय म्हणते वं?”